जित्या माणसासमोरचा हेल

माझा नवरा चर्चमध्ये गायला लागला की पुढच्या बाकांवरच्या बायका मागं वळून बघायच्या. इतका बेसूर माणूस अख्ख्या अहमदपुरात नसेल. शेवटी पाळकांनीच युक्ती केली आणि त्याच्या हातात खंजिरी दिली, म्हणजे हात गुंतले की तोंड जरा कमी चालेल. हा पठ्ठ्या खंजिरी वाजवत दुप्पट जोरात गायचा. मी म्हणायचे, तुझा आवाज ऐकून देवसुद्धा कानात बोटं घालत असेल.

एक दिवस दुकानात मोटारीचं वायंडिंग करता करता तो स्टुलावरून कोसळला. मेंदूत रक्तस्राव. लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. डोळे उघडे, पण नजर कुठंच टिकत नव्हती. हाक मारली तरी मान वळत नव्हती. यांना काय समजतं, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी घरी आणला तो माझा माणूस होता की नुसतं त्याचं अंग, हे मला कळायला मार्गच नव्हता. नळीतून पेज देताना, कूस बदलताना मी त्याच्या कानाशी एकच विचारायचे, आत आहेस का? देवालाही तेच विचारत होते. दोघंही गप्प होते.

चर्चच्या मंडळीतले लोक मात्र गप्प नव्हते. दर बुधवारी आमच्याकडं प्रार्थनासभा व्हायची. आमच्यात सभेला साक्ष द्यायची पद्धत आहे. उभं राहायचं, देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायचं आणि सगळ्यांनी ‘स्तुती असो’ म्हणायचं. एका बुधवारी पाळक म्हणाले, “ताई, ते बरे होण्याची वाट बघू नका. विश्वासानं आधीच आभार माना. आज तुमची साक्ष होऊ द्या.”

मी उभी राहिले. कॉटवर त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि सगळे माझ्याकडं आशेनं बघत होते. मला भयंकर राग आला. कशाचे आभार मानू?

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या माझ्या सासूबाईंनी हेल काढला.

सासूबाई नायगावकडच्या. तिकडं मयतीला बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. सूर धरून मेलेल्यालाच जाब विचारतात, मला कुणाच्या भरवशावर सोडून निघालास म्हणून. तरुणपणी सासूबाईंचा हेल इतका नावाजलेला होता की त्यांना दुसऱ्या गल्लीतून बोलावणं यायचं. बाप्तिस्मा झाल्यावर तेव्हाच्या पाळकांनी सांगितलं, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, आपण असं रडायचं नाही. त्यांनी ऐकलं. सासरे गेले तेव्हा त्या पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या होत्या.

आणि आता तोच हेल, तोही जित्या माणसासमोर. असं करणं म्हणजे त्याला मेल्यात जमा करणं. “आजी, अपशकुन असतो,” एक बाई म्हणाली. शकुन-अपशकुन मानू नका असं दर रविवारी ऐकणारीच ती.

मी सासूबाईंचा दंड धरला. “आत्याबाई, गप्प बसा. मेलाय का तो?”

“त्याला कोन रडून राहिलं?” त्यांनी वर छताच्या पत्र्याकडं बोट केलं. “म्या त्येच्याशी बोलून राहिले.”

तेव्हा कुठं मी शब्द ऐकले. “बापा, म्या समदं सोडून तुझ्या दारात आले. एकच लेकरू दिलास, त्येबी अर्धंच ठेवलास. कान बुजले का रं तुझे? कुनीकडं तोंड करून बसलास?”

पाळकांनी शेवटची प्रार्थना भराभर उरकली. चहा न घेताच लोक गेले.

देवाशी असं बोलत नाहीत, हे सासूबाईंना शास्त्रातूनच दाखवावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी बायबलमधली स्तोत्रं काढली. चर्चमध्ये आम्ही ठरलेली चार-पाच वाचतो, मेंढपाळाची, हिरव्या कुरणाची. बाकीची पानं कधी न उलटल्यानं करकरीत नवी. ती वाचत गेले. तिथं जागोजाग सासूबाईच होत्या. अजून किती वाट बघू, असं विचारणारे. झोपलास का, असं देवाला खडसावणारे. एक गाणं तर शेवटपर्यंत उजळतच नाही, अंधारातच संपतं. तेही कुणीतरी जपून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत हे मला कुणी वाचून दाखवलं नाही याचा मला संताप आला, आणि त्या संतापातच कितीतरी दिवसांनी रडू फुटलं.

मग दुपारची पेज झाली की सासूबाई कॉटला टेकून हेल काढायच्या. पहिल्यांदा शेजारच्या भाभी घाबरून धावत आल्या, आणि काय चाललंय ते कळल्यावर उंबऱ्यावरच बसून ओढणीनं डोळे पुसत राहिल्या. मीही सासूबाईंच्या मागं सूर धरायचा प्रयत्न केला. शाळेत शिकवून शिकवून माझं रडणंही नीटनेटकं झालेलं. “आगं, धडा वाचून राहिली का?” त्या चिडायच्या. “पोटातून काढ.” एक दिवस पोटातून निघालं. त्याला मला परत दे नाहीतर घेऊन जा, असा मधेच का टांगलास, असं मी देवाला म्हणाले. म्हणून हलकं वाटलं नाही. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या पाठीला जखम झाली, ताप चढला, पुन्हा लातूरच्या वाऱ्या सुरू झाल्या.

“आत्याबाई, एवढं बोलतो ते देवाला ऐकू जातं का हो?”

“न्हाई जात वाटतं,” त्या म्हणाल्या. “पर दुसऱ्या कुनाच्या दारात जाऊ?”

एका दुपारी सासूबाईंचा घसा बसला आणि हेल मधेच तुटला. नुसता पंख्याचा आवाज राहिला. मग कॉटवरून घरघर ऐकू आली. कफ अडकला असेल म्हणून मी उठले. “थांब,” सासूबाईंनी माझा हात धरला. आवाज लांबत गेला, चढला आणि सासूबाईंचा हेल जिथं वळायचा तिथं वळला. शब्द नव्हताच. आणि सूर चुकलेला होता. चर्चमध्ये चुकायचा तेवढाच, तस्साच.

तो आत होता. इतके दिवस आत एकटा होता.

डॉक्टर फोनवर म्हणाले, यावरून काही धरून चालू नका. बरं. मान अजून वळत नाही, नळी तशीच आहे, पाठीची जखम भरत नाही. मला रोज भीती वाटते.

बुधवारी पाळकांनी साक्षीसाठी विचारलं तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, “माझी देवाबद्दल तक्रार आहे. आम्ही तिघं मिळून ती करणार आहोत.” कुणीच ‘स्तुती असो’ म्हणालं नाही. सासूबाईंनी सूर धरला, मी धरला आणि जरा वेळानं कॉटवरून तिसरा आवाज आला. पुढं बसलेल्या बायकांनी सवयीनं मागं वळून बघितलं.