बादलीमार्फत बोलणारी माझी जाऊ

सगळा दवाखाना आडवा पडला होता. उभी होती ती एकटी माझी थोरली जाऊ, आणि ती आमच्यापैकी कुणाशीही बोलत नव्हती. एवढी हट्टी बाई खानदेशात दुसरी झाली नाही आणि होऊही नये. डॉक्टरसाहेब आपल्या खोलीत तापात बडबडत होते. आचारी चुलीपाशीच कोसळला, त्याला तिने बखोटीला धरून ओसरीवर ओढत आणलं. बायकांची खोली वेगळी आणि पुरुषांची वेगळी ठेवायला माणूसच उरलं नव्हतं, म्हणून तिने कामावरच्या सगळ्यांना एका ओळीत निजवलं. मी, माझ्या शेजारी झाडूवाली, तिच्या पलीकडे कंपाउंडर. या ओळीतून ती पितळी बादली घेऊन फिरायची आणि माझ्यापाशी आली की तोंड फिरवून म्हणायची, "ओ बादली, सांग तिले, पानी पी ले. आते मरानं नही म्हना, काम पडेल शे."

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली मानमोडी ती हीच. ताप, खोकला, मान अशी दुखायची की उशी नको वाटे. आमच्या दोघींचे नवरे प्लेगात गेले, तेव्हापासून आम्ही धुळ्याच्या एका दवाखान्यात आया म्हणून राबत होतो. लोक समजतात, साथ येते ती गावात. गावात येतेच, पण राहायला ती दवाखान्यात असते. रोग्याच्या तोंडाशी वाटी धरणारा, त्याची थुंकी उचलणारा, त्याला कुशीवर वळवणारा, यांचा पहिला मान. मलमपट्टी करणारा बाबा सकाळी लोकांच्या छातीला शेक देत होता आणि दुपारी त्यांच्याच रांगेत झोपला. रोगी बरा होऊन घरी जायचा आणि त्याला बरं करणारा त्याच्या खाटेवर यायचा. चादर बदलायलाही कुणी नसे.

जाऊबाईचा अबोला धुळ्यात प्रसिद्ध होता. बाई साक्रीकडची, अहिराणी बोलणारी, हाडापेराने मोठी. रागावली की भांडायची नाही, अबोला धरायची, आणि धरला की सोडायची नाही. आमच्यात रीतच होती, अबोल्यात जो आधी बोलला तो हरला. ती कधी हरली नव्हती. मी तिला न विचारता वरणात मीठ टाकलं, माझ्याशी अबोला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, पेज पातळ झाली," साहेबांशी अबोला. आता साहेबांशी न बोलता नोकरी कशी करायची? तर बादली मध्ये धरायची. "बादली, साहेबले सांग, तीन नंबरना माणूस उलटी करस." साहेब सज्जन, तेही बादलीकडे बघून म्हणत, "बादली, त्यांना सांग, मी येतो."

सगळ्यांत जुना अबोला कंपाउंडरशी. हा जळगावचा, सराफांच्या आळीत वाढलेला. सोनं तोलावं तसं औषध तोलायचा आणि आपल्या बोलण्याला फार जपायचा. एकदा रोग्यांच्या नातेवाइकांसमोर तो तिला म्हणाला, "अक्का, हे काय 'आहे'च्या जागी 'शे शे' लावलंय? कोंबड्या हाकताय का? दवाखान्यात शुद्ध बोलत जा." त्या दिवसापासून ती त्याच्याशी शुद्धही बोलली नाही आणि अशुद्धही नाही.

तर मानमोडीने सगळे पडले आणि ही उभी राहिली, तेव्हा दवाखान्यात बोलणं सुरू झालं की हिचा अबोलाच हिला तारतोय. ही कुणाच्या तोंडाला तोंड देत नाही, पाठ करून बादलीशी बोलते, म्हणून कुणाचा श्वास हिला लागत नाही. मला ते काही पटलं नाही. आमची उष्टी भांडी तीच घासत होती. पण तिला पटलं. तिने बादली आणखी घट्ट धरली. मला बरंच वाटलं, कारण ती पडली असती तर आम्हाला पाणी द्यायला कुणी उरलं नसतं.

आणि नेमका तेव्हा कंपाउंडर अडून बसला. दोन दिवस त्याच्या पोटात काही टिकलं नव्हतं, ओठांना भेगा पडल्या होत्या. जाऊ वाटी घेऊन आली. "बादली, याले सांग, पेज पी." त्याने दात आवळले. तिने पुन्हा सांगितलं. तो भिंतीकडे वळून म्हणाला, "बादलीच्या हातचं मी घेणार नाही. मरताना तरी माणसाने माणसाशी बोलावं."

मी पडल्या पडल्या म्हणाले, "जाऊबाई, बोलू नका. तोंडाजवळ जाऊ नका त्याच्या."

ती माझ्याशी बोलत नव्हतीच, त्यामुळे माझं ऐकायचा प्रश्न नव्हता. मग तिने बादली खाली ठेवली. ओळीतल्या प्रत्येकाला त्या आवाजाचा अर्थ कळला. झाडूवालीसुद्धा मान उचलून बघू लागली, जी मान तिला सकाळपासून हलवता येत नव्हती. जाऊबाईने कंपाउंडरची हनुवटी धरली, त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि त्याच्या तोंडावर ओरडली, "ए मुडद्या! पेज पी! माले हारावानं व्हतं ना तुले? हारनू मी. आते पी!"

त्याने वाटी संपवली. मग डोळे मिटून म्हणाला, "बरं शे, अक्का."

एकदा हरल्यावर तिने कुणाला सोडलं नाही. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मीठ जास्तच व्हतं." आचाऱ्याला दोन शिव्या दिल्या. मग पदर नीट करून साहेबांच्या खोलीत गेली. परतली नाही, म्हणून मी भिंत धरत धरत मागे गेले. साहेब गेले होते. ती त्यांच्या पायाशी उभी होती, हातात बादली नव्हती. त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "साहेब, पेज पातळ नव्हती." मग त्यांच्या पायांवर चादर ओढत म्हणाली, "व्हती जराशी."

चार दिवसांनी तिचीही मान धरली. पाणी पाजायला मी आणि कंपाउंडर होतो, दोघंही खाटेला धरून उभे राहणारे. तिला शुद्ध नव्हती, तरी तो तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत राहायचा. त्याला कुणी मागे ओढलं नाही.

त्या साथीत आमच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब गेले, मलमपट्टीवाले बाबा गेले, झाडूवाली गेली. आचारी, कंपाउंडर, मी आणि माझी जाऊ वाचलो.