हौदासमोरचा पत्ता

तीन बँडचा रेडिओ, बॅटरी एलिमिनेटर, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा टीव्ही अँटेना, आईच्या शिलाई मशीनला मोटर, आणि झरीतल्या माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाचं फळ्यांचं दार. हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलेलं. आयटीआयची पायरी चढलो नाही, कोणाच्या हाताखाली राहिलो नाही... पुस्तकं मागवली, वाचली, चटके खाल्ले, शिकलो.

कालच मुलगी फोनवर सांगत होती, "बाबा, प्रत्येक वेबसाइटला थोडा वेगळा ईमेल द्यायचा. मग स्पॅम आला की पत्ता कोणी विकला ते कळतं." मी म्हटलं, बाई, हे मी तुझ्या जन्माआधी पोस्टकार्डावर केलंय!

तिला खोटं वाटलं. म्हणून हे लिहितोय...

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, माझं लग्न व्हायचं होतं. सर्किटची पुस्तकं, एक मासिक आणि सुटे पार्ट मी दिल्ली-मुंबईहून टपालानं मागवायचो. थोड्याच दिवसांत भलतंच टपाल सुरू झालं. लॉटरीवाले, भाग्याची अंगठीवाले... आणि एक दिवस उघड्या पोस्टकार्डावर ठळक छापलेलं, 'गुप्त दुर्बलतेवर खात्रीचा इलाज'.

कार्ड आधी पोस्टमन रहीमचाचांनी वाचलं, मग पारावर कोणी कोणी, मग वडिलांनी. त्या रात्रीपासून माझ्या ताटात दूध जास्त पडायला लागलं.

मी ठरवलं, हा पत्ता फोडतो कोण ते शोधायचंच. गावात चिठ्ठी नावावर पोचते, खालची खूण कोणी बघत नाही. मग ज्याला लिहीन त्याला वेगळी खूण द्यायची. पुस्तकवाल्याला 'वडाखाली', पार्टवाल्याला 'पिठाच्या गिरणीमागे', मासिकाला 'शाळेजवळ'. कोणाला काय दिलं ते डोक्यात पक्कं.

रहीमचाचा वैतागले. "तुझं घर हाय का तंबू? परवा वडाखाली, आज शाळेजवळ!" समजावून सांगितलं तेव्हा मात्र खूश झाले. महिन्याभरात दुसरं इलाजवालं कार्ड आलं... 'शाळेजवळ'. मासिक बंद केलं, ताटातलं दूधही हळूहळू कमी झालं.

त्याच वर्षी जत्रेत एक स्टॉल लागला. नाव-पत्ता सांगा, देवाचं कॅलेंडर घरपोच मोफत. लिहून घेणारा त्यांचाच माणूस. रांगेत माझ्यापुढं आमच्या गल्लीतल्या गयामावशी होत्या. नवरा वारलेला, चार शेळ्यांवर घर चालायचं. माझी पाळी आली तेव्हा मी खूण सांगितली, 'हौदासमोर'. ही खूण तोवर कोणालाच दिली नव्हती.

कॅलेंडर काही आलं नाही. दिवाळीनंतर गयामावशी गाभण शेळी दोरीला धरून दुकानासमोरून निघाल्या. दुसऱ्या हातात छापील कार्ड.

"दत्ता, मला रेडिओ लागलाय म्हनं! पोस्टात दोनशे रुपये भरले की पार्सल हातात. बाजाराला चाललेय हिला घेऊन."

व्ही.पी.चं पार्सल होतं. आधी पैसे, मग खोका. त्याआधी खोका उघडता येत नाही.

मी म्हटलं, "मावशी, सोडवू नका. फसवाफसवी आहे ही."

त्या तिथंच थांबल्या. "आसं का? मला नवा रेडिओ आला तर तुझी दुरुस्ती बुडंल म्हून सांगायलास व्हय?"

लागलं मला ते. पण वाद घातला नाही. सकाळीच मलाही तसलंच कार्ड आलं होतं, ते काढून पुढं धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखायच्या. पहिल्या इनामाचा नंबर दोन्ही कार्डांवर एकच.

"आन् हे बघा, माझ्या पत्त्यात लिहिलंय हौदासमोर."

"आपल्या गल्लीत हौद कुटंय रे मुडद्या?"

"नाहीच ना! मी जत्रेतल्या कॅलेंडरवाल्याला तेवढा सांगितला होता. तुम्ही पुढंच होतात."

मावशींनी दोन्ही कार्डं पुन्हा शेजारी धरून पाहिली. मग जत्रेच्या त्या माणसाला अशा काही शिव्या दिल्या की शेळीही दचकली. शेळी घरी परत गेली. संक्रांतीला तिला दोन करडं झाली, आणि पहिला खरवस... नाही, खरवस नव्हे, शेळीचा चीक माझ्याकडं आला.

रहीमचाचांनी घरोघर सांगितलं. झरीची बहुतेक पार्सलं 'घेण्यास नकार' लिहून परत गेली.

पुढच्या महिन्यात सफारी घातलेला एक माणूस दुकानात आला. म्हणाला कंपनीचा सर्व्हे आहे. बोलता बोलता त्याची नजर वर गेली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रेडिओची चिठ्ठी मी तारेत ओवून ठेवायचो. नाव, गाव, कोणती वस्ती, कोणाच्या घराशेजारी. आसपासच्या सगळ्या खेड्यांची.

"पत्ते उतरवून घेऊ द्या फक्त," तो म्हणाला. "चिठ्ठ्या तुमच्याकडंच राहतील."

तेव्हा परभणीत स्टेशनजवळ मी एक गाळा बघून ठेवला होता, डिपॉझिटसाठी अडलो होतो. पण माणसांनी पत्ता मला दिला होता, रेडिओ घरी पोचावा म्हणून. आणि नामांतराच्या त्या दिवसांत आपल्याकडं वातावरण काय होतं, माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. कोण कोणत्या वस्तीत राहतो, हे परक्याच्या बॅगेत भरून द्यायची गोष्ट नव्हती.

गाळा दुसऱ्यानं घेतला. मी झरीतच राहिलो, आणि सुखात आहे. त्या तारेखाली बसून जेवताना मला कधी मान खाली घालावी लागली नाही.

त्या सफारीवाल्याची बोली होती पत्त्याला तीन रुपये, जागेवर रोख. एकूण चोवीसशे. मी नाही म्हटलं.