कोराडीच्या वाटेवर तिरडी

नाटक बघायला पुण्याहून नागपूरला? घरच्यांना माझं डोकं फिरलंय असंच वाटलं. पण माझी कॉलेजची मैत्रीण प्रज्ञा तिथे छोटी नाट्यमंडळी चालवते आणि तिने बजावलं होतं, "या खेपेला येच. लोकं हसले नाही, तर मंडळी बंद करून टाकीन." मरणावरचं हे विनोदी नाटक पूर्वी एकदाच झालं होतं आणि प्रेक्षक उठून गेले होते. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी नागपूर. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, पाण्याची बाटली हाताशी ठेवून! मग मेट्रोने सीताबर्डी. प्रज्ञा तिथे अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात नाटकासाठी तिरडी घेताना भेटली. दुकानदाराने हळूच विचारलं, "कोण गेलं, ताई?"

"अजून कोणी नाही, भाऊ. संध्याकाळी जाणार आहे."

त्याने सामान जरा मागेच ओढून घेतलं.

प्रयोग कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत. ऑटोवाले तिरडी घेईनात, म्हणून उघडा टेम्पो केला. तिथेच घोटाळा झाला. तिरडी जाताना दिसली की इथे कुणी चौकशी करत बसत नाही, मुकाट्याने मागे चालू लागतात. आम्ही हॉलवर पोचलो, तर मागोमाग निम्मी वसाहत. कुणीही मेलेलं नाही, हे सांगता सांगता प्रज्ञा रडकुंडीला आली. "आलोच आहो, तर बसू," एक काका म्हणाले. सगळे सुतकी चेहऱ्याने बसले.

नाटकात नातेवाईक तिरडी बांधून बसलेत आणि म्हातारा काही मरत नाही. बराच वेळ हॉलमध्ये हूं की चूं नाही. विंगेत प्रज्ञाने माझा हात आवळून धरला होता. मग म्हातारा ताडकन उठून बसला. "मरून मी राहिलो अन् चहा तुम्ही पिऊन राहिले? मले काहून नाही?"

पहिल्या रांगेतली एक बाई फसकन हसली. मग हॉल जो सुटला, तो शेवटपर्यंत.

नंतर ती बाई प्रज्ञाला म्हणाली, "आमचे गेले तेव्हापासून घरात सारे हळूच बोलून राहिले वं. आज मले मोठ्यानं हसता आलं."

आता जवळच्या कुही गावाहून प्रयोगाचं बोलावणं आलंय, मंडळी चालू राहणार. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आमचे बाबाही याच वर्षी गेले. काल जेवताना मी आईला त्यांची नक्कल करून दाखवली. ती दचकली. मग म्हणाली, "छे, असं नव्हते बोलत," आणि स्वतः करून दाखवली.