कुंदाबाईंच्या गाडीचे पाच टायर

गोपाळकृष्ण पांढरीपांडे वकील गेले त्याच्या तेराव्याला, शेवटची पंगत उठल्याबरोबर नातेवाइकांनी त्यांच्या धाकट्या बहिणीला गाठलं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. गाडी विकून टाक, कुंदा.

ती गाडी अमरावतीत पोरासोरांच्याही ओळखीची होती. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, हिरवी, छत मागं पाडता येणारी विलायती गाडी. नागपूरचा एक इंग्रज इंजिनियर मायदेशी परत निघाला, तेव्हा वकिलांनी ती त्याच्याकडून हौसेनं घेतली होती. वकिलांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच वारली होती. कुंदाचं लग्न काही जमलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवून ती घरी यायची, भाऊ कोर्टातून यायचा, आणि अशी वीस वर्षं दोघांनी एका घरात काढली. रविवारी सकाळी गाडी निघायची. भाऊ चालवायचा, ती डाव्या बाजूला बसायची. "नुसती बसून बसून तुला झोप येते," असं म्हणून त्यानं तिला वलगावच्या रस्त्यावर गाडी चालवायलाही शिकवलं होतं. पण शिकली तेवढंच. चालवायचा तोच.

१९६० चा श्रावण होता तो. भाऊ तीन दिवसांच्या तापानं गेला. कुंदाबाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या.

गाडी त्यांनी विकली नाही. रोज शाळेतून आल्यावर त्या शेडमध्ये जाऊन ती पुसायच्या. दमल्या की आत बसायच्या, पण डाव्या बाजूलाच. दोन महिने असे गेले. मग एका रविवारी, घरात एक शब्द बोलायलाही कोणी नाही हे सकाळी आठ वाजताच असह्य झालं, आणि बाई उजव्या बाजूला बसल्या. वलगावपर्यंत नीट गेल्या. परतताना वळणावर थोडी वाळू सांडलेली होती. मागची चाकं अशी सरकली की गाडी तोंड फिरवून उभी राहिली. बाई उतरल्या, वाकून पाहिलं. चारही टायर पाटीसारखे गुळगुळीत झाले होते.

भाऊ टायर घ्यायचा ते अकोल्याच्या शेषरावांकडून. बाईंनी टायरवरचे आकडे कागदावर उतरून घेतले आणि दिवाळीच्या सुट्टीत एस.टी.नं अकोला गाठलं.

शेषराव मूळचे माळी. घरची भाजीची वाडी भावाला देऊन त्यांनी स्टेशनकडच्या रस्त्यावर दुकान टाकलं होतं. कागद पाहताच त्यांचा चेहरा खुलला. "हे तं वकीलसायबाच्या हिरव्या गाडीचं माप! सायेब काहून नाई आले?"

बाईंना ते सांगावं लागलं. इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडानं कोणाला सांगावं लागलं नव्हतं. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं.

शेषरावांनी स्टूल पुसून पुढं केलं. "बसा, बाई. बोला, कसा टायर पायजे?"

वलगावच्या वळणावर गाडी कशी सरकली ते बाईंनी सांगितलं. "जास्तीत जास्त टिकणारा," त्या म्हणाल्या. साडीपासून कंदिलापर्यंत आयुष्यभर त्यांनी हेच पाहून खरेदी केली होती.

शेषरावांनी दोन टायर लोळवत आणले. एक जाड, कडक, खोल खाचांचा. "हा टॅक्सीवाल्यायचा. पंचवीस हजार मैल मरन नाई. पन तुमची गाडी हलकी अन् पयनारी. वळनावर हा जमीन धरत नाई. वलगावले झालं तसं घाटात झालं तं?" दुसऱ्याच्या रबरात त्यांनी नख रुतवून दाखवलं. "हा नरम. जमिनीले चिकटून जाते. पन आठ-नऊ हजार मैलात संपते."

"मधला नाही का काही?"

"हाय. नरमाईनं धरते अन् पंधरा हजार तरी जाते, असा येते एक. पन बायेरचा माल बंद झाल्यापासून मुंबईहून मागवा लागते. तीन-चार महिने लागतीन." मग त्यांनी विचारलं, "बरं, तुमचं फिरनं किती होईन वर्साले?"

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. शाळा घरापासून चार पावलांवर. बाजार पायी. रविवारी वलगाव, तेही कधीमधी. "दोनशे मैल," त्या म्हणाल्या.

शेषरावांनी हातातला टायर खाली ठेवला. "मंग कोनताबी घ्या, बाई. झिजाचा प्रश्नच नाई. रबर उभ्या उभ्या वाळते. पाच-सहा वर्सांत त्याले चिरा पडतीन अन् फेकून द्यावं लागीन. न फिरता बी टायर मरतेच ना."

गणिताच्या बाईंना उत्तर लगेच कळलं. पंधरा हजार मैलांना पंच्याहत्तर वर्षं. मापाचा कागद उचलून त्यांनी त्याची घडी घातली. शेषरावांना वाटलं आपण काही वावगं बोललो.

"मधलेच मागवा," बाई शेवटी म्हणाल्या. "जादा चाकाचा धरून पाच."

टायर फेब्रुवारीत आले. बाई एकट्या कुठं धडपडतील, म्हणून शेषराव स्वतःच ते एस.टी.च्या टपावर टाकून अमरावतीला घेऊन आले. दुपारभर शेडमध्ये खपून त्यांनी पाचही बसवले. हवा सकाळी चाकं थंड असताना मोजायची, दोन-तीन हजार मैलांनी चाकांच्या जागा बदलायच्या, पाचव्यालाही पाळी द्यायची, हे दोनदा समजावून सांगितलं. चहा पिऊन निघताना ते फाटकाशी थांबले.

"सायेब लय गोष्टी सांगत तुमच्या. म्हनत, बहीन माह्याहून चांगली चालवते, मी मुद्दाम तिले देत नाई, एकलीच निंगून गेली तं मंग मले कोन बसवीन?"

शेषराव हसत हसत गेले. बाई फाटकाला धरून उभ्या राहिल्या. भावानं हे त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. आणि आता त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

बेबीताई ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, चांदूर बाजारची. धारणीच्या शाळेत ती मास्तरीण होती आणि दर दिवाळीला न चुकता लिहायची, "बाई, एकदा या." मार्चमधल्या एका रविवारी बाई पहाटेच धारणीला निघाल्या. पत्रानं कळवलं नव्हतं, कारण आपण पोचू याची त्यांनाच खात्री नव्हती.

परतवाडा मागं पडला आणि घाट सुरू झाला. रस्त्यावर सागाची वाळकी पानं आणि सुटा मुरूम. एका आंधळ्या वळणावर समोरून एकदम बस आली. बाईंनी ब्रेक दाबला, चाक डावीकडं घेतलं आणि आता सरकणार म्हणून अंग आवळून धरलं. गाडी सरकली नाही. दरीच्या अलीकडं हातभर जागा ठेवून ती जिथल्या तिथं रुतल्यासारखी थांबली. बस पुढं गेली. शेजारच्या जागेकडं वळून त्या बोलून गेल्या, "पाहिलंस?" मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढं निघाल्या.

पुढचा रस्ता वाईटच होता. गाडीचं पोट चार-पाच वेळा दगडांना घासलं. धारणीला पोचायला साडेअकरा झाले. शाळेला कुलूप होतं. बाजूच्या खोलीतून पार्बताबाई, शाळेची झाडलोट करणारी, डोळ्यांवर हात धरून बाहेर आली.

"बेबीताई? त्याईची बदली झाली ना वर्ध्याले. संक्रांतीलेच गेल्या."

पार्बताबाईनं गाडीत डोकावून पाहिलं. "एकल्याच आल्या? येवढ्या दूर?"

"एकटीच."

"मंग उपाशी कशा जाता? या अंदर."

जेवणात ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि ताक होतं. पार्बताबाई समोर बसून वाढत होती, आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होती, आणि बाई जेवता जेवता हूं हूं करत होत्या. जेवताना कोणी बोलत असण्याची सवय मोडून सात महिने झाले होते. एका भाकरीच्या जागी त्यांनी दोन खाल्ल्या. ऊन कलायच्या आत घाट उतरायचा म्हणून त्या उठल्या, तेव्हा पार्बताबाईनं आणखी एक भाकर फडक्यात बांधून दिली.

त्याच आठवड्यात बाईंनी वर्ध्याला पत्र टाकलं. "मी धारणीला येऊन गेले. तू नव्हतीस." एवढंच लिहून झालं, पुढं काही सुचेना. तसंच पाकीट बंद केलं. उत्तराला अकरा दिवस लागले. बेबीताईनं चार पानं लिहिली होती, मधे मधे शाई फिसकटली होती. नवा पत्ता आणि घराजवळची खूण दिली होती, आणि शेवटी लिहिलं होतं, "बाई, वर्धा तर धारणीपेक्षा जवळ आहे."

किती जवळ, ते बाईंनी नकाशावर मोजून पाहिलं. वीस मैलांनी.