बँक माझ्याकडे आली तेव्हा

परवा भर दुपारी आमच्या माजघरात नवल घडलं... मामंजी माझ्याशी बोलले!

यात नवल काय, असं तुम्ही विचाराल. पण लग्नाला वर्ष होत आलं, तरी आम्हा सासरे-सुनेत सरळ एक शब्द झाला नव्हता. त्यांना पाणी हवं असलं की ते सासूबाईंना सांगणार, सासूबाई मला... आणि मी तांब्या दाराशी ठेवून मागे सरणार. राग-रुसवा काही नाही, घराची रीतच तशी.

मला मात्र त्यांच्याशी बोलायची फार निकड होती. मराठी सहावी होऊन माझं लग्न झालं आणि सातवीची फायनल परीक्षा राहून गेली. ती द्यायची तर मामंजींचा होकार हवा. वडिलांपुढे तोंड उघडायचा 'ह्यां'ना धीर होईना. सासूबाईंकडे विषय काढला की त्या म्हणायच्या, "थांब की जरा, बघू." त्या 'बघू'चा मला मनातून असा राग यायचा...

तर मे महिना, आणि सोलापूरचं ऊन. जेवणं झाली की शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून सगळे आत बसतात. मामंजी कोर्टात शिरस्तेदार, पण कोर्टाला सुट्टी म्हणून तेही घरीच. त्यात पुण्याच्या कॉलेजातून धाकटे दीर, वसंतभाऊजी, आले ते हॉस्टेलवर शिकलेला पत्त्यांचा एक नवा डाव घेऊन.

पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. आणखी पान हवं तर म्हणायचं 'ट्विस्ट', नको असलं तर 'स्टिक'. एकवीसच्या वर गेलात की 'बस्ट', म्हणजे गेलात कामातून. चित्रांचे दहा, एक्क्याचा एक धरा नाहीतर अकरा, तुमची मर्जी. पानं वाटतो तो 'बँक', आणि पहिल्या दोन पानांतच कुणाचे एकवीस जमले तर बँक त्याच्याकडे जाते.

हे साहेबी शब्द सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हद्दपार केले. त्यांचं आपलं "टाक", "पुरे" आणि "बुडाले गं बाई!"... दोन दिवसांत मामंजीही तसंच म्हणायला लागले.

सासूबाईंना या डावातलं ओ की ठो कळत नव्हतं. रोज ओंजळभर चिंचोके हरायच्या. तरी जेवणं आटोपली की "पत्ते काढा की रे" म्हणणाऱ्या पहिल्या त्याच. मलाही हाताला धरून बसवायच्या. मी दाराच्या चौकटीला टेकून, पदर सावरून बसायची. मामंजी बँक असले की मी भाऊजींच्या कानात सांगणार आणि ते ओरडणार, "वहिनी म्हणतात, टाका!" असं आमचं टपाल चालायचं.

परवा मला एक्का आणि बदामची राणी आली. एकवीस! बँक माझ्याकडे... मी पानं पिसली, वाटली, सगळ्यांसमोर उघडी मांडली. मामंजींना आली छक्की आणि एक्का. ते सवयीनं सासूबाईंकडे वळले, "तिला सांगा, पुरे म्हणावं."

"असं चालत नाही, अण्णा," भाऊजी म्हणाले. "बँकेशी ज्यानं त्यानं स्वतः बोलायचं. नियम आहे."

"आणि इतके दिवस हिचं तू सांगत होतास ते?"

"तेव्हा त्या शिकाऊ होत्या. आता बँक आहेत."

नियम म्हटल्यावर कोर्टातला माणूस काय बोलणार? मामंजी खाकरले, चष्मा सारखा केला. "सूनबाई... पुरे."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इतक्यात पुरे नका म्हणू, मामंजी! एक्क्याचे अकरा जड झाले तर एक धरता येतो. बुडायची भीतीच नाही. घ्या आणखी एक."

सासूबाईंच्या हातातला पंखा थांबला. मामंजींनी बोटांवर हिशेब केला. "खरंच की. मग टाक."

पान पडलं चौकीचं! "एकवीस!" म्हणत त्यांनी मांडीवर थाप मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तू बँक. मला कशाला जिंकवलंस?"

"हातातला डाव तुम्ही सोडून देत होता, मला बघवेना."

"गणित पक्कं दिसतंय. कितवी झालीस?"

"सहावी. फायनल राहिली. ती द्यायची आहे मला."

मामंजींनी समोरची पानं बाजूला सारली.

"अगं, मग इतके दिवस सांगायचं नाही का मला?"

भाऊजी हसून हसून फरशीवर आडवे झाले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. शेवटी मामंजींच्याही ध्यानात आलं, आणि आपण काय बोललो याचं त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. "शाळा उघडली की मी स्वतः हेडमास्तरणीबाईंना भेटून येतो," म्हणाले.

संध्याकाळी मी भाऊजींना म्हटलं, डावाचे बाकीचे नियमही सांगा, म्हणजे मैत्रिणींना शिकवीन. ते म्हणाले, "शिकवा, पण तो स्वतः बोलायचा नियम तेवढा गाळा. तसला नियम कुठंच नाही. आईनं पढवून ठेवलं होतं मला. तुमच्याकडे बँक कधी येते याचीच ती रोज वाट बघत होती."

मी तडक स्वयंपाकघरात गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. असं माणूस मला सासू म्हणून मिळालं, माझं भाग्यच... डोळे भरून आले. पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "ऊठ की आता. चहा ठेव. आणि साखर किती, ते त्यांनाच विचार जा."

विचारलं. मामंजी म्हणाले, "अगदी चिमूटभर."

वर्षभर माझ्या हातचा पाक निमूट पीत होते बिचारे!