होडीतलं पाणी

दर रविवारी मी खाडीच्या तोंडाशी गरवायला जातो. होडी तिथल्या दाजी नावाच्या मच्छीमाराची, वल्ही त्यांची, नांगरही त्यांचाच. माझी फक्त गरी, आमिषाची कोळंबी आणि आठवडाभराचा शीण. तो समुद्रात टाकून यावा, एवढ्यासाठीच जायचं.

परवा मासा काही लागेना, म्हणून माझं लक्ष होडीतल्याच एका आवाजाकडे गेलं. दाजी कापलेल्या डब्याने पाणी उपसत होते. तळाला कुठेतरी चीर आहे. माझ्याशी बोलताना, तोंडातली विडी ओढताना, नुसतं समुद्राकडे बघतानाही त्यांचा उजवा हात उपसतच होता. इतक्या रविवारांत हे मला कसं दिसलं नाही?

"दाजी, कंटाळा नाही येत?"

"पाणी येतला, आपण काढीत रवाचा."

आपण सगळे बहुधा हेच करत असतो. सकाळी रिकामं केलेलं मन संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतं. पण मला निदान रविवारी दुसऱ्याच्या होडीत येऊन बसता येतं. दाजींनी कुठे जाऊन बसावं?

"द्या तो डबा. तुम्ही गरी धरा."

"तुमका जमतला?" ते हसले, पण डबा दिला. गरीचा दोर बोटावर घेऊन टेकले आणि बघता बघता बसल्या जागी झोपले.

थोड्या वेळाने त्यांच्या बोटावरचा दोर ताणला गेला. सकाळपासूनचा पहिला मासा, आणि मोठा असावा. मी दोर हलकेच सोडवला आणि गरी-माशासकट अख्खाच्या अख्खा पाण्यात जाऊ दिला. मग आवाज होणार नाही अशा बेताने उपसत राहिलो.