न झालेल्या चमत्काराची साक्ष

डिंडोलीतल्या आमच्या घरी शुक्रवारी प्रार्थनासभा भरते. शेवटी प्रत्येकानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची असते. पप्पांचे कान कापड कारखान्यातल्या लूमच्या आवाजानं गेले होते आणि दोन वर्षं प्रार्थना करूनही फरक नव्हता. मला देवाचा रागच आला होता.

त्या शुक्रवारी मम्मी कुजबुजली, "पप्पा बरे झाले म्हण. बरं होण्याआधीच विश्वासानं तसं म्हणायचं असतं."

"खोटं बोलू?"

"तुला इंग्लिश शाळेत घातलं तेच चुकलं, उलट बोलायला शिकलीस."

मी उभी राहिले. "पप्पांना अजून ऐकू येत नाही. तरी मी प्रार्थना सोडलेली नाही," एवढंच म्हणाले. कोणीच आमेन म्हणालं नाही. मम्मीनं मान फिरवली. मला तेव्हा देवाकडून एखादी तरी खूण हवी होती, पण मिळाली नाही. चिडूनच मी पुढच्या प्रार्थनेला डोळे मिटले.